गुडघ्यातली अक्कल

शाळेच्या कवायतीच्या मैदानावर ज्याने आयुष्याची तीसेक वर्षे काढली, त्याच्या कंठाला एखादा हुकूम असा काही जडून गेलेला असतो की सेवानिवृत्तीनंतरही पहाटेच्या झोपेत तो कधीकधी आपोआप उमटतो. माझ्या बाबतीत तो हुकूम ‘गुडघे ताठ!’ हा होय. मी नोकरीस लागलो तेव्हा वाशीम हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. १ जुलै १९९८ रोजी त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या उभ्या राहिल्या, नवी दप्तरे उघडली गेली, परंतु रिसोडपासून कारंज्यापर्यंत आणि मालेगावापासून मानोऱ्यापर्यंत आम्हा कवायतमास्तरांचा हा हुकूम मात्र कोणत्याही फेरफाराविना जसाच्या तसा पुढच्या पिढीच्या हवाली झाला. आणि आता तर तो शाळेचे आवार ओलांडून योगवर्गांच्या ध्वनिक्षेपकांवरही जाऊन बसला आहे. हा हुकूम रद्द करावा, असे सुचवण्यासाठी मी हे लिहीत आहे. ज्याने तो आयुष्यभर सोडला, त्यानेच तो मागे घ्यावा, हे न्यायाला धरून होईल.

माझ्या कपाटात एका शालेय समारंभाचे छायाचित्र आहे. छायाचित्रकाराला समोर जागा मिळाली नाही म्हणून त्याने ते मैदानाच्या कडेने टिपले, आणि त्या एका योगायोगामुळे मला जे वर्षानुवर्षे दिसले नव्हते ते त्यात कायमचे उमटून राहिले. पहिल्या रांगेत, इतरांना नमुना म्हणून मीच पुढे काढलेली, सातवी-आठवीतली एक मुलगी उभी आहे. तिचे अंग इतके लवचीक होते की कमरेतून वाकताच तिचे दोन्ही तळहात जमिनीवर सपाट टेकत, आणि ‘पाहा, हिने गुडघे कसे ताठ ठेवलेत!’ असे मी बाकीच्या मुलींना सांगत असे. समोरून पाहणाऱ्या मला तिचे पाय सरळ दिसत. कडेने टिपलेल्या छायाचित्रात मात्र ते सरळ नाहीत, मांडीपासून घोट्यापर्यंत ते मागच्या अंगाला ताणलेल्या धनुष्यासारखे वळलेले आहेत. एकदा तिचे वडील शाळेत आले आणि भीतभीत म्हणाले, “गुर्जी, पोरीच्या गुडघ्यामांगं दुखते म्हन्ते.” सवय झाली की दुखणे जाईल, असे त्यांना अधिकारवाणीने सांगून मी वाटेला लावले. ती मुलगी आज कोठे आहे हे मला ठाऊक नाही. तिच्या वडिलांची तक्रार खरी होती आणि तिच्यावर मी दिलेला निवाडा चुकीचा होता, एवढे मात्र आता ठाऊक आहे.

गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवत नाही, ओळंबा सोडून ठरवतो. माणसाच्या उभे राहण्यालाही असाच एक अदृश्य ओळंबा आहे. कडेने पाहिले असता तो कानापासून निघून खांद्यावरून, कमरेच्या सांध्याजवळून, गुडघ्याच्या मध्याच्या किंचित पुढून आणि घोट्याच्या हाडाच्या थोडा पुढे जमिनीवर उतरतो. काही माणसांच्या बाबतीत मात्र पाय सरळ करण्याची क्रिया सरळ रेषेपाशी थांबत नाही; ती पुढे चालूच राहते, गुडघा ओळंब्याच्या बराच मागे जातो, आणि मांडी व नडगी यांच्यामध्ये उलट्या दिशेचा कोन तयार होतो. वैद्यकात यास अतिप्रसारण म्हणतात. थोड्या अंशांचे अतिप्रसारण पुष्कळांच्या गुडघ्यांत असते आणि ते काही व्याधी नव्हे. दहा अंशांच्या पलीकडे गेलेल्या गुडघ्याची मात्र वैद्य स्वतंत्र नोंद घेतात. मुलांमध्ये व स्त्रियांमध्ये सांध्यांचा हा सैलपणा अधिक आढळतो आणि वयोमानाप्रमाणे तो कमी होत जातो. म्हणजे आमच्या शाळांतून व योगवर्गांतून ज्यांची संख्या मोठी, त्यांच्यातच हा प्रश्न अधिक, असा याचा अर्थ आहे.

गुडघा सरळ होता होता शेवटच्या काही अंशांत त्यात एक सूक्ष्म वळण घडते: पाऊल जमिनीवर रोवलेले असेल तर मांडीचे हाड नडगीवर किंचित आत फिरते आणि दाराला कडी घालावी तसा सांधा बसतो. ही कडी लागली की मांडीच्या स्नायूंना फारसे काम उरत नाही. निसर्गाची ही सोय मोठी काटकसरीची आहे, आणि तिची मर्यादाही तेथेच आहे. कारण कडीच्याही पलीकडे गुडघा रेटला गेला म्हणजे शरीराचा भार स्नायूंवरून निघून सांध्यामागच्या आवरणावर आणि सांध्याच्या पोटातल्या, एकमेकांना छेदून जाणाऱ्या दोन अस्थिबंधांवर येऊन पडतो, तर पुढच्या बाजूला हाडांची टोके एकमेकांवर दाबली जातात. स्नायू आणि अस्थिबंध यांत फरक असा की, स्नायू हे रोजचे उत्पन्न आहे आणि अस्थिबंध हे वतन आहे. स्नायू थकला तर विश्रांतीने ताजा होतो, व्यायामाने वाढतो. अस्थिबंधाला रक्ताचा पुरवठा बेताचा, तो एकदा ताणून लांब झाला की व्यायामाने पुन्हा आखूड होत नाही. गुडघा मागे टेकून उभा राहणारा माणूस घरातले उत्पन्न तसेच ठेवून वतन गहाण टाकतो आणि त्यावर रोजचा खर्च भागवतो. आणि गहाणाचा स्वभावच असा की, मुदत भरेपर्यंत घरात कोणाला त्याची वार्ता नसते.

ही कडी किती बलवान असते, याचा दाखला आपल्या पिढीने डोळ्यांनी पाहिला आहे. भारत २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्त घोषित झाला. त्यापूर्वी प्रत्येक गावात पोलिओने मांडी वाळलेला एखादा तरी माणूस असे, आणि तो चालताना दर पावलाला मांडीवर हात दाबून गुडघा मागे ढकलीत असे. त्याच्या मांडीत सांधा सावरण्याचे बळ नव्हते, म्हणून तो हाताने कडी घालून हाडांच्या आधारावर उभा राही. त्याचे ते करणे प्राप्त होते आणि त्यात त्याचा पराक्रमही होता. परंतु ज्याच्या मांडीत निरोगी स्नायू आहेत, त्याने ते झोपवून ठेवून नेमके तेच करावे, आणि आपण त्याला आसनाची परिपूर्णता म्हणावे, याला काय म्हणावयाचे?

आपल्या भाषेत एखाद्याची बुद्धी काढावयाची झाली म्हणजे त्याची अक्कल गुडघ्यात आहे असे म्हणतात. शरीरशास्त्र या म्हणण्याकडे निराळ्या नजरेने पाहील. गुडघ्याच्या अस्थिबंधांत, त्याच्या आवरणात आणि भोवतालच्या स्नायूंत असे ज्ञानतंतू आहेत की जे सांधा किती अंशांवर आहे याची बातमी क्षणोक्षणी मेंदूला पोहोचवतात; अंधारात जिना उतरताना आपण पाऊल कोठे टाकतो हे आपल्याला न पाहता कळते, ते या अकलेमुळे. ज्यांचे सांधे उपजत सैल असतात त्यांच्यात ही बातमीदारी पुष्कळदा मंद असते, असे अभ्यासकांस आढळले आहे. त्यामुळे त्यांचा गुडघा सरळ रेषा ओलांडून गेला तरी आतून हाकाटी होत नाही. उलट मागे टेकून उभे राहणे हीच त्यांना स्वाभाविक स्थिती वाटते, आणि कोणी त्यांना खऱ्या सरळ रेषेवर आणून उभे केले तर ‘गुडघा वाकल्यासारखा वाटतो’ अशी त्यांची पहिली तक्रार असते. हे ज्या शिक्षकाला माहीत नाही तो ‘ताठ करा’ म्हणतो, विद्यार्थी प्रामाणिकपणे आज्ञा पाळतो, आणि दोघेही मिळून सांध्याचे नुकसान करतात. माझ्या पहिल्या रांगेतल्या मुलीच्या आज्ञाधारकपणाचे मोल मी अशाच रीतीने वसूल केले.

याहून अधिक विचार करावयास लावणारी एक गोष्ट आहे. सांध्यांचा सैलपणा मोजण्यासाठी वैद्यकात पीटर बाइटन यांच्या नावाने ओळखली जाणारी, १९७३ पासून रूढ असलेली नऊ गुणांची एक कसोटी आहे. करंगळी मागे किती वळते, अंगठा कोपराखालच्या हाताच्या आतल्या बाजूला टेकतो का, कोपर व गुडघा दहा अंशांहून अधिक मागे जातो का, यांचे दोन्ही बाजूंचे मिळून आठ गुण. आणि नववा गुण कशाचा? गुडघे सरळ ठेवून पुढे वाकल्यावर दोन्ही तळहात जमिनीला सपाट टेकतात का, याचा. म्हणजे पादहस्तासनात ज्या क्षणी आमच्या मैदानावर टाळी पडते, त्याच क्षणी डॉक्टर आपल्या कागदावर सैलपणाचा एक गुण लिहून घेतो. एकट्या त्या गुणाने काही सिद्ध होत नाही, सरावानेही तळहात टेकतात, हे खरे. तथापि टाळी वाजवण्यापूर्वी कडेने जाऊन एकदा गुडघ्याकडे पाहावे, एवढी सूचना त्यातून निश्चित मिळते. वर्गात ताठरलेल्या शरीराच्या माणसाकडे सगळ्यांचे लक्ष असते. त्याला आधार मिळतो, सबुरीचा सल्ला मिळतो. लवचीक माणसाला फक्त शाबासकी मिळते, आणि ज्याला शाबासकी मिळते त्याची तपासणी होत नाही.

हा हुकूम आला कोठून, याचाही तपास करण्यासारखा आहे. उभ्याने, पाय सरळ ठेवून करावयाची आसने प्राचीन ग्रंथांतून आली अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः हठप्रदीपिकेत जी पंधरा आसने वर्णिली आहेत त्यांत उभ्याचे एकही नाही. घेरंडसंहितेतल्या बत्तिसांत एका पायावरचे वृक्षासन येते, परंतु आजच्या वर्गात दिसणारी त्रिकोणासनासारखी उभ्या आसनांची मालिका तेथे नाही. पतंजलींनी तर आसनाचे लक्षण सांगताना स्थैर्य व सुख यांपलीकडे काही मागितले नाही, आणि पुढच्याच सूत्रात प्रयत्नाचे शैथिल्य सांगून ठेवले. उभ्या आसनांचा विस्तार मुख्यत्वे विसाव्या शतकातला आहे, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आसनांना प्रयोगशाळेत नेले. १९३७ साली पुण्यास आलेल्या बी. के. एस. अय्यंगारांनी उभ्या आसनांतले पायांचे व्याकरण इतक्या बारकाईने बांधले की त्यांच्या १९६६ सालच्या ग्रंथाने ते जगभर नेले. या मंडळींनी सांगितलेला ‘सरळ पाय’ हा जागृत स्नायूंचा पाय होता. आमच्या शाळांत तो पोहोचेपर्यंत मात्र त्याची गाठ इंग्रजी अमदानीतल्या लष्करी कवायतीशी पडली, आणि ‘सावधान’मधला खटक्याने मागे फेकलेला गुडघा आसनात येऊन बसला.

आपल्या स्वतःच्या व्यायामपरंपरेत असा गुडघा शोधून सापडणार नाही. आखाड्यात उतरलेला पहिलवान पवित्रा घेतो तेव्हा त्याचे गुडघे नेहमी किंचित नमलेले असतात; गुडघा मागे रोवून उभा राहणारा मल्ल पहिल्याच पटात आडवा होईल. लेझीम, लाठी, मल्लखांबावरून उतरणे, यांपैकी कशातही ताठलेला सांधा चालत नाही. शेजारच्या अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले आणि १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी त्याच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. ज्या वऱ्हाडाने हे केले त्या वऱ्हाडात आम्ही मास्तर मंडळींनी परक्या कवायतीचा खटका प्रमाण मानावा, ही विसंगती माझ्या ध्यानात फार उशिरा आली. आणि कारंजा हे तर जैनांचे जुने विद्याकेंद्र, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ याच जिल्ह्यातले. त्या परंपरेत उभ्याने करावयाच्या ध्यानाला कायोत्सर्ग म्हणतात. उभे राहावयाचे ते देहाचा अभिमान सोडून, असा त्या शब्दाचा आशय आहे. उभे राहणे आणि सोडून देणे एकाच वेळी साधता येते, हे शिकण्यासाठी आम्हाला लांब जावयाचे कारण नव्हते.

शब्दांचाही दोष आहेच. मराठी मनाला ‘ताठ’ या शब्दाची भूल पडते. ताठ मान, ताठ कणा हे आपले भूषण, ‘मोडेन पण वाकणार नाही’ हा आपला बाणा, आणि गुडघे टेकणे ही आपली नामुष्की. परंतु त्याच भाषेने ‘ताठा’ हा दुर्गुण मानला आहे आणि ‘सरळ’ हा सद्गुण, हे आपण विसरतो. सरळ माणसाला वाकता येते. ताठ माणसाला फक्त मोडता येते. गुडघ्याला हा भेद तंतोतंत लागू पडतो. सरळ गुडघा हा दोन्ही दिशांना जाण्यास मोकळा असतो, त्याच्या पुढच्या व मागच्या बाजूचे स्नायू त्याला सावरून धरतात. ताठ गुडघा हा शेवटच्या मुक्कामावर जाऊन आपटलेला असतो.

आपला गुडघा कोणत्या जातीचा, हे घरच्या घरी पाहता येते. जमिनीवर पाय लांब करून बसावे आणि मांडी आवळावी. गुडघ्यामागची लवण जमिनीला टेकून टाच वर उचलली जात असेल तर गुडघा सरळ रेषेच्या पलीकडे जाणारा आहे असे समजावे. दुसरे, आरशाला कड करून उभे राहावे, किंवा घरातल्या कोणाला तरी कडेने पाहावयास सांगावे. असे गुडघे ज्यांचे आहेत त्यांनी उभ्या आसनात प्रथम पावलाकडे लक्ष द्यावे: अंगठ्याखालचा उंचवटा, करंगळीखालचा उंचवटा आणि टाच या तीन ठिकाणी भार सारखा वाटला जावा, कारण भार टाचेवर गेला की गुडघा मागे जातोच. नंतर नडगी किंचित पुढे आणावी, जणू पोटरीमागे कोणी हात ठेवून हलकेच पुढे लोटत आहे. ‘वाटी वर खेचा’ ही सर्वत्र दिली जाणारी सूचना सर्वसाधारण गुडघ्याला हितकारक आहे. परंतु मांडीचा पुढचा स्नायू हाच गुडघा सरळ करणारा स्नायू असल्यामुळे सैल गुडघ्याचा माणूस नुसती वाटी खेचू लागला तर तो आणखी मागे जातो. त्याने मांडीच्या मागचा स्नायूही त्याच वेळी जागा करावा. टाच जमिनीवरून न हलवता जणू मागे ओढीत आहोत, असा प्रयत्न केला की तो जागा होतो.

त्रिकोणासनात धोका पुढच्या पायाला असतो, कारण धडाचा भार त्याच्यावर कलतो आणि हात नकळत गुडघ्यावर किंवा नडगीवर दाबला जातो. हात पायावर न ठेवता विटेवर किंवा लहान स्टुलावर टेकावा, आणि पोटरीच्या वरच्या भागामागे एक लाकडी ठोकळा तिरका उभा करून पोटरी त्यावर रेलू न देता तेथेच थांबवावी. अय्यंगारांच्या परंपरेत लाकडी ठोकळे, पट्टे, खुर्च्या हे साहित्य आले ते अशाच कामासाठी. पादहस्तासनात तळहात जमिनीला लागलेच पाहिजेत असा कोणाचाही कायदा नाही. गुडघे बोटभर नमवून हात खुर्चीवर ठेवले तरी पाठीला हवा तो ताण मिळतो. वृक्षासनात उभा पाय कडी घालून बसतो हे शिक्षकाने मुद्दाम पाहावे, आणि वर घेतलेले पाऊल गुडघ्यावर दाबू न देता त्याच्या वर किंवा खाली ठेवावयास लावावे. पश्चिमतानासनात व जानुशिरासनात लांब केलेल्या गुडघ्याखाली पंचाची घडी ठेवावी म्हणजे टाच जमिनीवर राहते, आणि अंगठे धरून स्वतःला ओढणे सोडून द्यावे. याखेरीज सैल गुडघ्याला ताणापेक्षा बळाची गरज अधिक असते. अर्ध्या बैठका, उत्कटासन, सेतुबंधासन, पायरी सावकाश चढणे व त्याहून सावकाश उतरणे, हा त्याचा खुराक होय. आणि गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल, चालताना दगा देत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर आसने तहकूब ठेवून अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे. माझ्यासारख्या मास्तराचा सल्ला तेथे चालत नाही.

यावर एक आक्षेप मला अनेक योगशिक्षकांकडून ऐकावयास मिळाला आहे, आणि तो दुर्लक्षण्याजोगा नाही. ‘गुडघा नमवण्याची मुभा एकदा दिली की सगळा वर्ग पाय वाकवून उभा राहील, आळशाला निमित्तच पाहिजे असते.’ हे भय खरे आहे. ज्याच्या मांडीमागचे स्नायू आखडलेले आहेत त्याला पाय सरळ करण्याचा आग्रह केलाच पाहिजे, आणि त्यात गुडघ्याचा घातही नाही. माझे म्हणणे एवढेच की, दोघांना मुक्काम एकच आहे, सरळ रेषा. एकाला तेथे पुढे जाऊन पोहोचावयाचे आहे आणि दुसऱ्याला मागे वळून. दोन विरुद्ध दिशांनी येणाऱ्या प्रवाशांना एकाच दिशेचा रस्ता दाखवणारा वाटाड्या अर्ध्यांना हमखास चुकवणार.

म्हणूनच हा प्रश्न खासगी अभ्यासापुरता राहत नाही, तो सार्वजनिक होतो. ११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने योगदिनाचा ठराव केल्यापासून दर २१ जूनला आमच्या जिल्ह्यातही मैदाने भरतात. शाळकरी मुले, कर्मचारी, अंगणवाडी सेविका, आशाताई अशा नाना वयांच्या व नाना देहांच्या माणसांकडून पंचेचाळीस मिनिटांचा एकच शासकीय अभ्यासक्रम करून घेतला जातो, आणि त्याच्या उभ्या विभागात ताडासन, वृक्षासन, पादहस्तासन, अर्धचक्रासन व त्रिकोणासन ही पाचही आसने उभा पाय सरळ ठेवण्याचीच आहेत. या अभ्यासक्रमाशी माझे भांडण नाही. त्यात आरंभी गुडघे नमवण्याची हालचाल आहे आणि ती चांगली आहे. भांडण आहे ते व्यासपीठावरून सुटणाऱ्या सरसकट हुकुमाशी. गारपीट झाली तर आपण शेतागणिक पंचनामा मागतो. शेजारच्या धुऱ्यापलीकडचे सोयाबीन उभे असून आपले आडवे झाले असेल, हे सरकारला पटवून देण्यासाठी भांडतो. माणसांचे देह तर शेतांहून अधिक वेगळे आहेत. ज्या बाईने ऐन हंगामात दिवसभर सोंगणी करून डोक्यावर ओझे आणले तिचा गुडघा आणि इयत्ता सातवीतल्या मुलीचा गुडघा यांना एकच आज्ञा कशी पुरेल?

माझ्या मागण्या थोड्या आणि बिनखर्चाच्या आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांतले शारीरिक शिक्षणाचे शिक्षक आणि आरोग्य केंद्रांत योग शिकवणारे प्रशिक्षक यांच्या प्रशिक्षणात भौतिकोपचारतज्ज्ञाचे एक व्याख्यान ठेवावे आणि त्यात ओळंब्याने गुडघा पाहावयास शिकवावे. मैदानावर व्यासपीठाखेरीज दोन माणसे रांगांच्या कडेला उभी करावीत, ज्यांचे काम केवळ पाहणे आणि हळूच कानात सांगणे हे असेल. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने योगासनांना क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. ज्या स्पर्धांत अंग अधिक वळवणाऱ्याला अधिक गुण मिळण्याचा मोह असतो, त्यांत परीक्षकांनी उलट्या वळलेल्या गुडघ्याला सौंदर्य न मानता दोष मानावे, कारण परीक्षक ज्याला गुण देतो ते पुढच्या वर्षी गावोगावच्या मुली करू लागतात. आणि शेवटची मागणी शब्दांची आहे: ‘गुडघे ताठ’ हा हुकूम दप्तरातून काढून टाकावा आणि त्याच्या जागी ‘पाय सरळ, गुडघे मोकळे’ असे म्हणावे. ज्याला हे चार शब्द समजणार नाहीत त्याला कडेने जाऊन समजावावे. तेवढा वेळ नसेल तर एक आसन कमी घ्यावे.

हल्ली सकाळी फिरावयास निघालो की मी वाटेतल्या मैदानाजवळ थांबतो. तेथे एक वर्ग भरतो. पूर्वीच्या सवयीने पाय समोरच्या बाजूकडे वळू लागतात, तेथूनच तर सगळा वर्ग दिसतो असे वाटत असते. मग आठवण होऊन मी कुंपणाच्या कडेला जातो आणि तेथे उभा राहतो. तेथून चेहरे दिसत नाहीत, हातांची शोभा दिसत नाही, रांगा एकमेकींत मिसळून जातात. दिसतात ते फक्त पाय, आणि त्यांतले काही धनुष्यासारखे मागे गेलेले. मागल्या आठवड्यात अशा एका मुलीच्या शिक्षिकेला मी वर्ग सुटल्यावर बाजूला बोलावून सांगितले. त्यांनी त्या मुलीला कडेने उभे करून पाहिले, तिच्या पोटरीमागे हात धरला आणि गुडघा ओळंब्यावर आणला. मुलगी लगेच म्हणाली, “बाई, आता वाकल्यावानी वाटते.” बाईंनी काय उत्तर द्यावे म्हणून माझ्याकडे पाहिले. ज्या बापाला मी एकदा वाटेला लावले होते, त्याला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर मी तिला दिले: “वाटू दे, बाळ. तेच सरळ आहे.”